हुनिदच्या हातचं पाणी

संत डेवीच्या सणानंतरचा तिसरा दिवस

हुनिद,

हे पत्र ज्याच्या अंगरख्यात आहे त्याचं नाव रेनो. फ्रान्सातून आला आहे. त्याला चार भाऊ आहेत आणि चौघांपेक्षा आपण देखणे आहोत हे त्याने मला जेवताना दोनदा सांगितलं. तुला पसंत पडेल. घरबसल्या चालून येतात म्हटल्यावर तुला सगळेच पसंत पडत असतील.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. थंडीत दोन मेंढ्या गेल्या. मोर्विदचे गुडघे धरलेत, जीभ मात्र अजून ठणठणीत आहे. घरात आता आम्ही दोघीच, त्यामुळे ती जिभेची सगळी खाज माझ्यावरच भागवते. परवा म्हणाली, "बाईसाहेब, बारा वर्षं झाली. तळ्याकडे बघताना तोंड वाकडं करणं सोडा, नाहीतर तसंच राहील." मी म्हटलं, मी कुठे बघते? धुकं आहे का तेवढं बघते. पाहुण्याला सांगायला नको?

आणि मी सगळ्यांना सगळं सांगते हो. धुकं पडलं की दगडांची वाट पाण्याबाहेर येते, वाटेच्या टोकाला घर दिसतं, त्या घरात माझी धाकटी बहीण आहे. एका म्हातारीच्या शापाने अडकली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि अजून सतराचीच आहे. हे शेवटचं ऐकताना त्यांचे डोळे कसे चमकतात ते तू एकदा बघायला हवंस. मी बत्तीसची झाले. ते कुणी विचारत नाही.

मागच्या खेपेचा गॉतिए दुसऱ्या सकाळी काठावर सापडला, नेहमीसारखाच. जोड्यांत पाणी, तलवार शंभर वर्षं चिखलात पडल्यासारखी गंजलेली, आणि भूक इतकी की एका बैठकीला सहा भाकऱ्या खाल्ल्या. विचारलं, काय झालं? तर म्हणे, काहीच नाही, लढायला कोणी आलंच नाही, एक मुलगी आली आणि मग एकदम सकाळ झाली. पत्र दिलंत का? दिलं. वाचलं तिने? वाचलं, आणि हसली.

माझ्या पत्रात हसण्यासारखं काय होतं? छपराबद्दल लिहिलं होतं आणि लोकरीबद्दल. गॉतिए आणखी एक सांगत होता. तो समोर उभा असताना तू त्याच्या खांद्यावरून मागे धुक्यात बघत होतीस, आणखी कोणी येतंय का म्हणून. त्याला ते फार लागलं. मलाही राग आला. एक समोर उभा असताना दुसरा शोधायचा, ही तुझी जुनी सवय.

मारेद


ईस्टरनंतरचा मंगळवार

हुनिद,

रेनोही सापडला. चार भावांचा देखणा भाऊ लव्हाळ्यात पालथा पडला होता. तूही वाचलं असशील आणि हसली असशील, म्हणून मी त्याला काही विचारलं नाही.

आजचा ह्यूग आहे. जाड आहे, दगडांवरून जपून पाठव म्हणजे झालं. त्याच्याबरोबर एक हार्पवाला आला होता आणि त्याने जेवणानंतर तुझं गाणं म्हटलं. तुझं गाणं झालंय, हे तुला माहीत आहे का? पॅरिसपर्यंत म्हणतात म्हणे. त्यात तुझे केस सोन्याच्या तारा आहेत. तुझे केस ओल्या पेंढ्याच्या रंगाचे होते हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्यातल्या उवा मी काढल्या आहेत. तुझ्या नाकावरच्या ठिपक्यांचा गाण्यात पत्ता नाही. बाबांचा नाही, या घराचा नाही, बहिणीचा तर नाहीच नाही. फक्त एका कडव्यात असं आहे की तळ्याकाठी एक चेटकी राहते आणि वाटसरूंना जेवू घालते.

ती मी.

मोर्विद हसून हसून बाकावरून घसरायची राहिली. म्हणाली, "निदान जेवू घालते असं तरी म्हणालाय. उपाशी ठेवते म्हणाला असता तर?" मी हार्पवाल्याला दुसऱ्यांदा खीर वाढली नाही. चेटकीने एवढं तरी करायला हवं.

पेंटेकॉस्टच्या सणाला किनरिगला जाऊन चार वर्षं होतील. तुला कधी लिहिलं नाही, पण आता हार्पवाल्यांनीच तुला डोक्यावर घेतलंय तर माझंही ऐक. आम्ही सात वर्षं संसार केला आणि सात वर्षं तो तळ्याकडे तोंड करून जेवला. मी बाक फिरवून ठेवला, तर तो मान फिरवून जेवायला लागला. तापात बरळायचा तेव्हाही माझं नाव एकदा आलं, तेसुद्धा पाणी मागायला.

मला नवरा मिळाला, घर मिळालं, कुरण मिळालं, आणि तुला काय मिळालं, तर एक शाप. आणि तरी तुझाच हेवा वाटतो मला. जळते मी तुझ्यावर, हुनिद. घासातल्या खड्यासारखी रोज दाताखाली येतेस.

मारेद


मे महिन्याचा दुसरा दिवस

हुनिद,

हे पत्र कुणाबरोबर पाठवायचं ते अजून ठरलेलं नाही. तोवर पिठाच्या पेटीत ठेवते.

काल एक आला. आमोरी नाव. चाळिशीचा असेल, कानांजवळ केस पिकलेत, बायको जाऊन पाच वर्षं झाली आहेत. घोडा लंगडत होता म्हणून हा खाली उतरून, लगाम धरून, डोंगर चालत उतरला होता, लोखंडी पट्ट्यांच्या जोड्यांत. मी दाराशी जाते तोवर त्याने कमरेची तलवार सोडून मोर्विदच्या हातात दिलीही होती. कुणी मागितली नव्हती. मग बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, थोडं कोमट पाणी मिळेल का? पाय फार दुखतायत."

मी का लिहिते आहे ते तुला कळलं असेल. आपल्याकडे पाहुणा दारात हत्यार देतो आणि पाय पुढे करतो, म्हणजे तो मुक्कामाला राहिला. पाणी नको म्हणाला की समजायचं, वाटीभर ताक पिऊन वाटेला लागणार. पण हे फ्रान्सचे सरदार. तलवार काढून ठेवा म्हटलं की तुमान उतरवायला सांगितल्यासारखे बघतात. घंगाळ पुढे आणलं की पाय आखडून घेतात, आणि तरी रात्रीचं जेवण आणि गादी हवीच असते. बारा वर्षांत यातल्या एकानेही सुखासुखी पाय पुढे केलेले नाहीत.

मी घंगाळ आणलं. त्याच्या टाचा पाण्यात ठेवल्या. तुझं घर बारा वर्षं ज्याची वाट बघतंय तो हाच, हे मला तिथेच कळलं. आणि तो माझ्या बाकावर बसून, माझ्या हातून पाय धुवून घेत, डोळे मिटून "आहा" म्हणत होता.

आता एक सांगून टाकते. त्या दिवशी उंबऱ्यात म्हातारी जे बोलली ते आपण दोघींनीच ऐकलं. बाबा आत होते, आणि ती हळू बोलली. तलवारीने काही व्हायचं नाही. तू तोंडाने न सांगता तुझ्या दाराशी आलेल्याने हत्यार द्यायचं आणि तुझ्या हातून पाय धुवून घ्यायचे, की तू सुटलीस. मी सगळ्यांना सगळं सांगते असं लिहिलं होतं ना? हे सांगत नाही. मी त्यांना सांगते की तिथे तलवार हातातून सोडू नका, आणि ती मुलगी पाणी आणील त्याला पाय लावू नका, लावलात तर संपलात. आजवर चाळीसेक जणांना सांगितलं असेल. ते बिचारे माझे आभार मानून जातात.

आमोरीला अजून काहीच सांगितलेलं नाही.

मारेद


संत जॉनच्या सणाचा आदला दिवस

हुनिद,

घोडा तीन आठवड्यांपूर्वीच बरा झाला. आमोरी अजून इथेच आहे. उन्हाळ्यात धुकं पडत नाही असं मी त्याला सांगितलं आहे, आणि यंदा खरंच पडलेलं नाही, त्यामुळे हे काही खोटं नाही. छपराची मागची बाजू त्याने शाकारली. गवत उलट्या बाजूने लावलं होतं, मोर्विदने सगळं उपसून पुन्हा लावायला लावलं, आणि त्याने लावलं.

काल वाटाणे सोलताना सांगत होता. "आमच्याकडे दर दुसऱ्या किल्ल्यात एक शापित बाई असते. एक विहिरीत आहे, एक आरशात आहे. मी आधी एकीसाठी गेलो होतो, ती झाड झाली होती. झाडाशी मनापासून बोललं की ती माणसात येणार. मी अकरा दिवस बोललो. अकराव्या दिवशी एक लाकूडतोड्या म्हणाला, साहेब, शापाचं झाड ते पलीकडचं."

"मग?" मोर्विदने विचारलं.

"पलीकडचं तोवर दुसऱ्याने सोडवलं होतं. त्यांना आता दोन मुलं आहेत."

"आणि तुमचं झाड काही बोललं का?"

"नाही. पण बायको गेल्यापासून माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं."

मी हसले. मला हसताना ऐकून मोर्विदने मान वर केली आणि पुन्हा वाटाण्यांत घातली.

तुझ्याकडे यायला तो कसा निघाला तेही सांगितलं. ईस्टरच्या दरबारात राणीने प्रत्येक सरदाराला एकेक कामगिरी निवडायला सांगितली. हा झोपेत होता. जागा झाला तेव्हा फक्त तू उरली होतीस, कारण चाळीस जण परत आलेले सगळ्यांना माहीत होते. पण त्याने भर दरबारात शब्द दिला. आत गेल्याशिवाय त्याला आता घरी तोंड दाखवता येत नाही.

मग त्याने विचारलं, "तुमची बहीण कशी आहे?"

मी म्हटलं, "गाण्यात आहे तशीच."

"दिसायला नाही विचारत. स्वभावाने."

हे बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला काहीतरी वाईट सांगायचं होतं, जिभेवर तयार होतं, आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "ती गाते. गाताना चुकते, आणि चुकलं की आणखी जोरात गाते."

तो इतका हसला की सोललेले वाटाणे ठेवलेलं सूप उलथलं. मला असा राग आला हुनिद, की मी उठून गोठ्यात गेले. अर्धा दिवस मी त्याला हसवायला धडपडावं आणि तू घरात नसताना, बारा वर्षं नसताना, एका वाक्यात त्याला लोळवावंस. परत आले तर विचारतो, "तिला खायला काय आवडतं? जाताना घेऊन जाईन." मी म्हटलं, उकडलेलं सलगम.

सलगम बघितलं की तुला ओकारी यायची, हे मला आठवतं. म्हणूनच सांगितलं.

मारेद


कापणीआधीचा शेवटचा रविवार

हुनिद,

आज सगळं बिघडलं. न्याहारीला आमोरीने विचारलं, "हे मुळात सुरू कसं झालं?" मी नेहमीचं सांगितलं. एक म्हातारी दाराशी आली, हुनिदने तिचे पाय धुवायला नाक मुरडलं, म्हातारीने शाप दिला. मोर्विदच्या हातातला डाव मडक्यात पडला. तिने तो गरम खिरीतून बोटांनी बाहेर काढला.

आमोरी घोड्याला पाणी दाखवायला गेल्यावर ती बोलली.

"त्या आठवड्यात पाळी कुणाची होती, बाईसाहेब?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचं असणार? गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत एवढंच. त्या दिवशीही होते. थोरल्या साहेबांनी हाक मारली ती 'मारेद, पाणी' अशी."

"मग बारा वर्षं गप्प का बसलीस?"

"तुमच्या घरचं खाते. आणि वाटायचं, पोर कधीतरी आपणहून सांगेल. आता पोर बत्तीसची झाली."

बारा वर्षं मी समजत होते की हे फक्त आपल्या दोघींत आहे. म्हणून आता लिहूनच टाकते.

पाळी माझी होती. पाहुण्यांचे पाय एक आठवडा मी धुवायचे, एक आठवडा तू. त्या सकाळी किनरिग आला होता तो मला मागायला. बाबांनी त्याच्या बापाला शब्द दिला होता. मी आत केस विंचरत बसले, म्हणून त्याचे पाय तू धुतलेस. मी बाहेर आले तेव्हा तो हसत होता. तू त्याला काय म्हणाली होतीस ते मला आजपर्यंत माहीत नाही. लग्नानंतर सात वर्षं मी त्याला विचारत होते आणि तो सात वर्षं म्हणत होता, आठवत नाही. आठवत होतं त्याला.

दुपारी म्हातारी आली. मी तुला म्हटलं, तूच जा, तुला पाय धुवायची फार हौस. तू निमूट घंगाळ उचललंस. ते मला जास्तच झोंबलं, भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू उंबऱ्याशी पोचलीस आणि मी मागून येऊन तुझ्या कानात म्हटलं, "सांभाळ, तिच्या पायांना महारोग आहे."

नव्हता. नुसता चिखल होता. मला तो दिसत होता.

तू दचकून एक पाऊल मागे घेतलंस, बाकी काही केलं नाहीस. म्हातारीने ते पाहिलं. तुझ्या हातातून घंगाळ घेऊन उंबऱ्यावर उपडं केलं, बोलायचं ते बोलली, आणि ते पाणी थांबेचना. अंगणातून वाहत तळ्यापर्यंत गेलं आणि तुला घेऊन गेलं. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते. तू हात पुढे केला होतास.

आठव्या दिवशी किनरिग तुझ्याकडे निघाला. तो आपल्यातलाच, त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने सुरी दारात ठेवलीच असती आणि पाय पुढे केलेच असते. मी त्याला वाटेत गाठलं आणि रडले. म्हटलं, म्हातारी मला एकटीला सांगून गेली आहे, त्या पाण्यात कुणी पाय घातला तर हुनिद कायमची बुडेल. त्याने तुझ्यापुढून पाय मागे घेतले ते तुला वाचवायला, हुनिद. दुसऱ्या सकाळी काठावर सापडला तेव्हा रडत होता. वर्षाने त्याने माझ्याशी लग्न केलं, कारण बापाने शब्द दिला होता.

तुला वाटत असेल तो घाबरला. तसं नव्हतं, एवढं तरी तुला कळायला हवं.

मारेद


नव्या भाकरीच्या सणाचा आदला दिवस

हुनिद,

उद्या धुकं पडणार असं मोर्विदचे गुडघे सांगतायत. आमोरीने तलवार घासून ठेवली आहे. सलगम उकडून घेतले आहेत.

मी दुपारी त्याला बसवलं आणि नेहमीचं सांगितलं. तलवार हातातून सोडू नका, आणि ती पाणी आणील त्याला पाय लावू नका.

"का?"

"रीत आहे तिथली."

"इथली रीत तर उलटी आहे. अर्ध्या मैलावर रीत बदलते?"

"तळ्यात बदलते."

त्याने आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, मी इथे आलो त्या दिवशी मला पुढचं पाऊल टाकवत नव्हतं. तुम्ही न विचारता पाणी आणलंत. आता मी तलवार परजून उभा राहायचं, आणि एक पोर घंगाळ घेऊन पुढे आली की तिला नको म्हणायचं? मला जमेल असं वाटत नाही. बघू."

बघू म्हणाला म्हणजे पाय पुढे करणार. त्याला आता मी सगळ्या नरकांची भीती घातली तरी तो ते करणार.

मी विचारलं, "आणि सोडवलीत तर?"

"सोडवणाऱ्याने हात धरायचा. दरबारात तसंच ठरतं." मग म्हणाला, "वाईट वाटतं तिच्यासाठी. सतराव्या वर्षी असला म्हातारा नवरा." मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "सलगमाला मीठ लावून देते."

किनरिग तुझा झाला तेव्हा निदान माझ्या ताटात जेवत तरी होता. हा तर घोड्यावर तुला पुढ्यात बसवून घेऊन जाईल, आणि पुढच्या वर्षी हार्पवाला येऊन मला त्याचं गाणं ऐकवेल. त्यात चेटकी असेलच.

म्हणून दिवसभर एकच विचार करते आहे. आणखी एक गोष्ट आहे जी मी किनरिगला सांगितली नाही, पाहुण्यांना सांगितली नाही, आणि खरं तर स्वतःलाही फार सांगत नाही. सरदार हवा, हे मीच घुसडलं. पुरुष हवा, हेही मीच. म्हातारी म्हणाली होती, "तुझ्या दाराशी येईल ते कोणीही चालेल. बाई चालेल, भिकारी चालेल."

मी अर्ध्या मैलावर राहते.

मारेद


नव्या भाकरीचा दिवस, सकाळ

हुनिद,

हे पत्र घेऊन येणारीचं नाव मारेद. तिला एकच बहीण आहे, आणि तिच्यापेक्षा आपण देखण्या आहोत असं ती कधीच म्हणाली नाही.

धुकं पडलं आहे. आमोरी अजून उठलेला नाही. उठला की जोडे शोधेल. पेटीतली पत्रं मी बाहेर काढली आणि त्याचे जोडे आत ठेवले, वर पीठ ओतलं, आणि पेटीवर मोर्विदला बसवलं. ती म्हणते, "गुडघे धरलेत, मला उठवत नाही असं सांगेन, आणि ते काही खोटं नाही."

मी चांगुलपणाने येत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. तो तुझ्या घंगाळात पाय ठेवून डोळे मिटून "आहा" म्हणेल, हे मला सोसत नाही. चाळीस जणांना वाट चुकवली ती याच जळण्यापायी, आणि आज स्वतः येते आहे तीही त्याच्याचपायी. सोडवणाऱ्याने हात धरायचा ही त्यांची रीत. मी सोडवलं तर मी तुझा कान धरीन. बाहेर आलीस की तू सतराचीच असशील आणि तो अंगणात अनवाणी उभा असेल. तो तुझ्याकडे बघेल. कोण बघणार नाही? मी जळेन, आणि तरी तुला घरात घेईन. पाहुण्यांच्या पायांची पुढची बारा वर्षं पाळी माझी.

तू का हसायचीस ते मला आज पहाटे भाकरी थापताना कळलं. बारा वर्षांत मी चाळीस माणसं आणि चाळीस पत्रं पाठवली, मेंढ्यांचं लिहिलं, छपराचं लिहिलं, आणि अर्ध्या मैलावरून स्वतः एकदाही आले नाही. मीही हसले असते. आणि त्यांच्या खांद्यावरून मागे धुक्यात तू कुणाला बघायचीस, तेही कळलं. मी त्याला तुझी सवय म्हणत होते.

नव्या ओटाच्या सहा भाकऱ्या पदरात आहेत. तिथे तू काय खातेस ते एकानेही सांगितलं नाही आणि मी एकालाही विचारलं नाही. सलगम घरीच ठेवलेत.

माझ्याकडे हत्यार म्हणजे किनरिगची सुरी, ती मी दारात देईन. पाय बघण्यासारखे राहिलेले नाहीत. टाचांना भेगा आहेत आणि डाव्या अंगठ्याचं नख घोड्याने तुडवल्यापासून काळं आहे. त्यांना कसला रोग नाही, नुसता चिखल आहे.

पण पाणी लगेच ठेवू नकोस. ही सगळी पत्रं तारखांप्रमाणे लावून आणली आहेत, आधी ती वाच. कापणीआधीच्या रविवारचं दोनदा वाच. मग तुला एक पाऊल मागे घ्यावंसं वाटलं तर घे. उद्या सकाळी मी काठावर सापडेन, जोड्यांत पाणी भरलेलं, आणि मोर्विद मला उठवून न्याहारी घालेल. मी कुणाला दोष देणार नाही.

तोवर मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. तू म्हणेपर्यंत बाकावर बसणार नाही.

ताई